डाव्या अंगाच्या काड्या

"मामंजी, ह्या चार काड्या राहिल्या," मी म्हणाले.

मामंजी तोवर पुढच्या झाडाखाली गेले होते. मांडवाच्या तारांखाली मान वर करून उभे होते. उजव्या हातात कात्री, डाव्या हाताचा अंगठा काडीवर. त्यांनी वळून बघितलं नाही.

"ऱ्हाऊ द्यात. मुद्दाम ठेवल्यात."

किल्लारीच्या भूकंपाला नुकतंच वर्ष झालं होतं. आमच्या तासगाव भागात ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी सुरू होते. एप्रिलात खरड छाटणी करून झाड पार बोडकं करायचं, पावसाळाभर नव्या काड्या वाढवायच्या, केवडा रोगापासून जपायच्या, आणि ऑक्टोबरात त्याच काड्या नेमक्या डोळ्यावर, जिथनं कोंब फुटतो तिथं, कापायच्या. इथं चुकलं तर फेब्रुवारीत मांडवाखाली नुसता पाला.

आमची बाग वीस गुंठ्यांची, घराच्या मागच्या दाराला लागूनच. गावात ज्यांच्या तीन-तीन एकर बागा होत्या ते चेष्टेनं तिला 'रंगरावाचं परडं' म्हणायचे. परड्यासारखीच होती म्हणा. बांधाला शेवगा, विहिरीपाशी दोन लिंबं, पाटाच्या कडेनं वांगी आणि झेंडू, आणि मधे द्राक्षाच्या अठरा ओळी. पण चेष्टा करणारेच छाटणीच्या आधी मामंजींना काडी दाखवायला घेऊन यायचे. कुठल्या डोळ्यात घड आहे हे रंगराव पाटलांचा अंगठा सांगतो, असं म्हणायचे.

मी लग्न होऊन आले त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. नवरा लष्करात, तेजपूरला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी आणि मामंजी, दोघंच. छाटणीत बायकांचं काम ठरलेलं होतं. मागनं जायचं, पडलेल्या काड्या गोळा करायच्या आणि कापलेल्या काडीच्या डोळ्यांना, ते एकदम फुटावेत म्हणून, फडक्यानं पेस्ट लावायची. कात्री बाईच्या हातात नसायची. असं का, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

पुढच्या झाडाच्या डाव्या अंगालाही पाच काड्या तशाच लोंबत होत्या. त्याच्या पुढच्या झाडाला सहा. उजवं अंग असं कापलेलं की बघत राहावं. प्रत्येक काप गाठीच्या वर, एक डोळा राखून. आणि डावीकडं कात्री गेलेलीच नाही.

मी पेस्टचा डबा घेऊन मागनं चालत राहिले.

दुपारी लिंबाखाली जेवायला बसलो. मी भाकरी वाढली आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या डाव्या हाताला ठेवला. तो कुठं ठेवते आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. मामंजींनी आधी उजवीकडं चाचपलं, मग पुढं, आणि कोपर लागून तांब्या लवंडला.

"कुठं ठेवतीस गं?" ते म्हणाले.

"इथंच होता, तुमच्या हाताशी."

"हाताशी म्हंजे उजव्या हाताशी ठेवावा."

"मामंजी, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही का?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, खाल्ला. पाणी त्यांच्या धोतराच्या टोकापर्यंत आलं होतं.

"चाळीस वर्सं बाग छाटतोय," ते म्हणाले. "काड्या गोळा करायला आलीयास, काड्या गोळा कर."

जेवण झाल्यावर ते तासभर पडायचे. तसे ते सोप्यात पडले. मी मागच्या दारात उभी राहून बागेकडं बघत होते. सकाळपासून दोन ओळी झाल्या होत्या. चाळीस झाडं, आणि चाळीसही अर्धी. खुंटीला दुसरी कात्री होती, नवऱ्याची. तिच्या पात्यांवर गंज चढला होता. मी ती उंबऱ्यावर घासली, तेलाचं बोट लावलं आणि पहिल्या ओळीच्या पहिल्या झाडाखाली जाऊन उभी राहिले.

तीन वर्षं मामंजींच्या मागनं चालले होते. हात कसा जातो ते बघितलं होतं. पावसाळ्यात शेंडा मारला की काडीला गाठ पडते, आणि त्या गाठीशीच बहुतेक घड दडलेला असतो, हे कानावर होतं. पण ऐकणं वेगळं आणि काडीवर पातं ठेवणं वेगळं. पहिल्या काडीला पातं सरकून सालच निघाली. दुसरी कापली. तिसरी कापली. सातव्या झाडापर्यंत हात बसला.

"कोन हाय?"

मामंजी ओळीच्या तोंडाला उभे होते. कात्रीचा आवाज ऐकून उठले होते.

"मी आहे."

ते सावकाश चालत आले. आता ओरडतील, कात्री हिसकावून घेतील असं मला वाटलं. ते माझ्यापाशी येऊन थांबले आणि हात पुढं केला. कात्री मागत नव्हते. मी नुकती कापलेली काडी त्यांच्या हाताखाली धरली. अंगठा कापावर फिरला, मग खाली डोळ्यावर, मग गाठीवर.

"गाठ बराबर धरलीस," ते म्हणाले. "पण काप सपाट दिलास. तिरका दे. डोळ्याच्या उलट्या अंगाला उतार पायजे. न्हाईतर काडीचं पाणी डोळ्यावर उतरतंय आन् डोळा कुजतोय."

"बरं."

"पुन्हा कर."

मी पुढची काडी तिरकी कापली. त्यांनी ती चाचपली आणि ते पुढच्या झाडाकडं गेले. त्या दिवशी मावळेपर्यंत आम्ही मागच्या दोन्ही ओळी पुऱ्या केल्या. 

पुढचे दोन दिवस असेच गेले. ते उजवं अंग कापायचे, मी डावं. मधनंच ते हात लांब करून माझी काडी तपासायचे. "ही बारीक हाय, दोन डोळ्यांवरच ठेव, औंदा हिच्याकडनं फळ मागू नगं." "ही पिवळट दिसती का? मग बुडातनं काढ." कधी म्हणायचे, "ह्या काडीचा रंग कसा हाय?" आणि मी सांगायचे. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या नऊ ओळी झाल्या. बरोबर अर्धी बाग.

तेवढ्यात बांधावरनं जोतीमामा आले. हे मामंजींचे चुलतभाऊ, त्यांची एकराची बाग आमच्या बांधाला लागून. दोन्ही घरांत पैरा होता. छाटणीला ह्यांनी त्यांच्याकडं जायचं, घडातले जादा मणी काढायच्या विरळणीला त्यांनी आमच्याकडं माणसं पाठवायची.

जोतीमामांनी माझ्या हातातली कात्री बघितली आणि बोलले मात्र मामंजींशी.

"काय दादा, सुनंला कात्री दिलीस? माणसं संपली का गावातली?"

"मीच दिलीय," मामंजी म्हणाले. "तुला काय कराचंय?"

"मला काय. तुजी बाग, तुजी सून." त्यांनी टोपी सारखी केली. "उद्या आमच्याकडं धरायची हाय. सकाळी सातला ये. पयल्या चार ओळी तू कर, मग पोरं तुझं बगून करतील."

"येतो," मामंजी म्हणाले.

जोतीमामा बांध ओलांडून गेले. मी कात्री मिटली आणि झाडाच्या बुडाशी ठेवली.

"मामंजी, उद्या आपण मिरजेला जाऊ. डोळे दाखवायला."

"छाटणी झाल्यावर बगू."

"नाही, उद्याच."

"आर्दी बाग टाकून कोन जातंय? आर्दी आज फुटली, आर्दी धा दिसांनी फुटली, तर औषधं मारायची कशी? आन् जोतीला शब्द दिलाय."

"जोतीमामांच्या झाडांचं डावं अंग कोण कापणार? तिथं मी नसेन तुमच्या बाजूला."

"तोंड संबाळून बोल."

"मी काही वावगं बोलत नाही. आपल्या बागेचं झालं तर आपलं झालं. दुसऱ्याचं वर्ष घालवायचं का?"

 त्यांच्या जबड्याचं हाड हलताना दिसलं मला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "कात्री ठिवलीस न्हवं? आता घरात जा. माझं मी बगतो."

मी घरात गेले. स्वयंपाकघराच्या दारातून बाग दिसायची. मामंजींनी दहावी ओळ धरली. एकटे. कात्रीचा आवाज येत होता, नेहमीसारखा एका ठेक्यात. मी पीठ मळायला घेतलं, पण लक्ष सगळं त्या आवाजाकडं. पाच-सहा झाडं झाली असतील. आवाज थांबला.

बघितलं तर ते ओळीतून उलटे येत होते. पहिल्या झाडापाशी थांबले. कात्री खिशात घातली. दोन्ही हात वर करून झाडाच्या डाव्या अंगाला चाचपायला लागले. एक काडी हाताला लागली, ती धरून तिच्या शेंड्यापर्यंत गेले. मग दुसरी. ते मोजत होते. मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं.

"पाच. सा. सात."

मग दुसऱ्या झाडापाशी गेले आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले. सहाही झाडं त्यांनी तशी तपासली. शेवटच्या झाडाखाली ते बराच वेळ हात तारेला धरून उभे राहिले.

मी दारातून आत झाले. पुरुषमाणसाला तसं उभं राहिलेलं बघू नये असं वाटलं.

अर्ध्या तासानं ते हातपाय धुऊन जेवायला आले. मी ताट वाढलं, पाणी उजव्या हाताला ठेवलं. दोन घास खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी कितीला हाय?"

"सकाळी साडेसहाला."

"जोतीकडं निरोप धाड. म्हणावं, मिरजंला काम निघालंय."

जोतीमामांना तो निरोप फार लागला. छाटणी तोंडावर टाकून रंगरावदादा पैरा मोडून गेला, असं ते दोन दिवस गावात बोलत होते. ते आम्हाला मागनं कळलं.

मिरजेच्या दवाखान्यात दुपारी तीन वाजता आमचा नंबर लागला. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मामंजींच्या डोळ्यांत औषध टाकलं, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, कुठला दिवा दिसतो ते विचारलं. मामंजी प्रत्येक वेळी खरं उत्तर देत होते. "न्हाई दिसत." "हाबी न्हाई." मी मागं स्टुलावर बसले होते.

"काचबिंदू आहे," बाई म्हणाल्या. "डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्याचं कडेकडेचं गेलंय, मधलं शिल्लक आहे. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायचं असेल तर ऑपरेशन करावं लागेल, तेही लवकर."

"बाई," मी विचारलं, "सहा महिने आधी आलो असतो तर?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तर आणखी थोडं राहिलं असतं."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. आम्ही बाहेर व्हरांड्यात बाकावर येऊन बसलो. मामंजींच्या डोळ्यांत टाकलेल्या औषधामुळं त्यांना उजेड सोसत नव्हता, म्हणून ते डोळे मिटून बसले होते. कुणाचे तरी नातेवाईक समोर डबा सोडून जेवत होते. मी खूप वेळ काय बोलायचं ते मनात जुळवत होते. शेवटी जुळवलेलं सगळं राहिलं आणि तोंडातून एकच वाक्य निघालं.

"मला एप्रिलातच कळलं होतं, मामंजी."

त्यांनी धोतराचं टोक गुडघ्यावर सारखं केलं.

"खरड छाटणीला. तुम्ही डावीकडच्या खांबाला दोनदा धडकलात. चहा बशीच्या बाहेर ओतलात. तेव्हाच मी बोलायला पाहिजे होतं. सासऱ्याला कसं सांगायचं, म्हणून गप्प बसले. तुम्ही रागवाल, म्हणून गप्प बसले. सहा महिने बघत राहिले."

व्हरांड्याच्या टोकाला नर्सनं कुणाचं तरी नाव पुकारलं. मामंजींनी डोळे उघडले नाहीत.

"तुला एप्रिलात कळलं," ते म्हणाले. "मला गेल्याच्या गेल्या दिवाळीला कळलंय."

"मग?"

"माझा बा असाच आंधळा झाला. त्यानंच लावली ती बाग, पयल्यांदा. डोळं गेल्यावर त्याला सोप्यात खाटंवर बसिवला. सात वर्सं बसला. छाटणी आली, विरळणी आली, माल गेला, कुनी त्याला येऊन इचारलं न्हाई की काडी कशी हाय. मीबी न्हाई इचारलं." ते थांबले. "मी तवा बावीस वर्सांचा हुतो. मला वाटायचं, आंधळ्याला काय इचारायचं."

मी त्यांच्या गुडघ्यावरच्या हाताकडं बघत होते. अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडलेला होता.

"मला नऊ ओळी करायच्या आहेत," मी म्हणाले. "मला एकटीला येत नाहीत. तुम्ही खाटेवर बसलात तर त्या कोण सांगणार?"

त्यावर त्यांनी होकाराची मान हलवली.

ऑपरेशन नीट झालं. उजव्या डोळ्यात जेवढं उरलं होतं तेवढं उरलं. ते पुढं बारा वर्षं जगले, आणि समोरच्या माणसाचं तोंड त्यांना शेवटपर्यंत दिसत होतं. डाव्या डोळ्याला काही उपाय नव्हता. चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही, अशी बाईंनी ताकीद दिली होती. तिसरी ताकीद त्यांनी अर्धीच पाळली. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून, ओळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे. मी एकेक काडी कापून ती त्यांच्या हातात नेऊन द्यायचे. ते चाचपायचे आणि बोलायचे. सुरुवातीला प्रत्येक काडी नेत होते, मग झाडाला एक, मग ओळीला एक. शेवटच्या तीन ओळींना एकही नेली नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही.

नऊ ओळींना मला पाच दिवस लागले. उजव्या तळव्याचे फोड फुटून पुन्हा आले. नवऱ्याचं पत्र आलं होतं त्यात त्यानं लिहिलं होतं की बाग औंदा कुणाला तरी वाट्यानं द्या, उगाच ओढाताण करू नका. मामंजींनी ते मला वाचायला लावलं, आणि उत्तरात काय लिहायचं तेही सांगितलं. "लिव्ह, छाटणी झाली. शालननं केली. तुजी कात्री तिला दिलीय, आल्यावर मागू नगंस."

बाग दोन टप्प्यांत फुटली, ते म्हणाले होते तशीच. एका बाजूला वीतभर फूट तेव्हा दुसऱ्या बाजूला नुसते कापूस फुटल्यासारखे डोळे. औषधाची फवारणी दोनदा वेगवेगळी करावी लागली. त्रास पडला. पण दिवाळी होऊन आठवडा गेला आणि पहिल्या नऊ ओळींत घड दिसायला लागले. हिरव्या मोहरीएवढ्या कळ्यांचे, तुऱ्यासारखे. मी सकाळी उठून चूळ भरायच्या आधी जाऊन बघून यायचे.

त्याच आठवड्यात जोतीमामा आले. पैरा मोडल्यापासून पहिल्यांदाच. बरोबर गावातले दोघं बागायतदार होते. जोतीमामा मांडवाखाली शिरले आणि मान वर करून ओळीभर चालत गेले. मग दुसऱ्या ओळीतून परत आले.

"दादा, एक काडी वांझ न्हाई तुजी," ते म्हणाले. रुसवा गेला नव्हता, पण डोळ्यांपुढचं नाकारता येत नव्हतं. "आमच्यात तिसरा हिस्सा नुसता पाला निगालाय. पोरांनी कशी कापली कुणास ठावं. तू आला असतास तर असं झालं नसतं."

मी चहाचे कप घेऊन उभी होते. मामंजींची हिरवी पट्टी तोवर निघाली होती. मोतीबिंदू काढला असंच सगळ्यांना वाटत होतं, आणि आम्हीही ते दुरुस्त केलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आता ते हो म्हणतील, चहा होईल आणि मंडळी जातील. तसं झालं असतं तरी मला चाललं असतं.

मामंजी खुर्चीतून उठले. जोतीमामा त्यांच्या डाव्या हाताला होते. मामंजींनी अख्खं अंग वळवून त्यांच्याकडं तोंड केलं.

"मी आलो असतो तर निम्मी बाग पाला झाली असती तुजी," ते म्हणाले. "मला डावीकडचं दिसत न्हाई, जोती. दोन वर्सं झाली. कुनाला सांगितलं न्हाई. त्या दिशी तुला येतो म्हनलो ते खोटंच. हिनं मला जाऊ दिलं न्हाई."

बरोबरचे दोघं एकमेकांकडं बघायला लागले. जोतीमामांनी मांडवाकडं बोट केलं.

"आन् ही बाग?" त्यांनी विचारलं.

"पयल्या नऊ वळींचं डावं अंग हिचं. फुडच्या नऊ वळी, माझी सा आर्दी झाडं सोडली तर, समद्या हिच्या. जा, बगून ये. दोन्हीत फरक दिसला तर मला सांग."

जोतीमामा खरोखरच गेले. पुढच्या नऊ ओळींत फूट अजून लहान होती, पण बारीक बघितलं तर घड दिसत होते. ते वाकून, वर बघून, फांदी खाली ओढून बघत होते. चहा निवत चालला होता, कुणी घेत नव्हतं. परत आले तेव्हा टोपी हातात होती.

"दादा, आमच्या धाकट्या सुनंला पाठवू का हिच्याकडं? तिचा हात चांगला हाय. विरळणीत दिसतंय."

"मला काय इचारतोस," मामंजी म्हणाले. "तिला इचार."

तीन वर्षांत जोतीमामा माझ्याशी थेट कधी बोलले नव्हते. आताही त्यांनी आधी घसा साफ केला.

"काय गं पोरी, पाठवू का?"

"पाठवा," मी म्हणाले. "पण एप्रिलात. तोवर कात्रीला काम नाही."